माळ्यावरचं गाठोडं: आमचा पहिला कॉम्प्युटर आणि आईच्या न उघडणाऱ्या फायली

पंचवटीची लेक

मंडळी, पंचवटीतलं आमचं घर दिवाळीनंतर पाडायला देणार आहोत. म्हणून गेले तीन रविवार माळा रिकामा करणं चाललंय. परवा पितळी घंगाळामागे आईच्या जुन्या सुती साडीत बांधलेलं गाठोडं निघालं. गाठ सोडली तर आत आमचा पहिला कॉम्प्युटर! कॅबिनेट, कीबोर्ड, माउस आणि फ्लॉपींची पेटी. मॉनिटर कधीच भंगारात गेला. २००८ साली गोदेला पूर आला तेव्हा भावाने रातोरात सगळं वर चढवलं होतं, ते तिथेच राहून गेलं.

१९९८ च्या दिवाळी पाडव्याला तो घरी आला. वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं, एकूण ३८,५०० रुपये. पेंटियम एमएमएक्स २३३, ३२ एमबी रॅम, २.१ जीबीची हार्ड डिस्क, १४ इंची रंगीत मॉनिटर. हे आकडे मला आजही पाढ्यासारखे पाठ आहेत, कारण आमच्या गल्लीत येणारा जाणारा ते विचारायचा आणि मी सांगायचे. विंडोज ९८ त्याच वर्षी जूनमध्ये आलं होतं, पण दुकानदार म्हणाला की या मशीनवर ९५ च बरं चालेल. कॉलेज रोडवरून रिक्षाने आणला. मॉनिटर वडिलांच्या मांडीवर, कॅबिनेट भावाच्या पायांत, आणि मी जागा नाही म्हणून मागून सायकलवर. आईने उंबऱ्यावर तुकडा ओवाळला आणि कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. परवा साडीने धूळ पुसली तर त्याचा फिकट गुलाबी डाग अजून आहे.

तो घेतला होता भावासाठी. तो बारावीला, मी नववीला. पण मला आज सांगायचंय ते आईबद्दल.

आईने लग्नाआधी मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली होती, मिनिटाला ३० शब्दांची. भद्रकालीतल्या एका क्लासला पहाटेच्या बॅचला जायची. पास झाली, सर्टिफिकेट आलं, आणि दोन महिन्यांत लग्न झालं. सर्टिफिकेट ट्रंकेत गेलं. आम्हां मुलांना हे माहीतसुद्धा नव्हतं. भावाने दुकानातून मराठी फॉन्ट टाकून आणला आणि एकेक बटण शोधत "आई" लिहून दाखवायला लागला. आई कणकेचे हात धुऊन आली, मागे उभी राहिली आणि म्हणाली, "यात मशीनचाच कीबोर्ड आहे की काय? सरक जरा." खुर्चीत बसली. पाठ ताठ. दोन्ही हात बटणांवर असे ठेवले जसे ते तिथेच असायचे. नजर बटणांवर नाही, समोरच्या कॅलेंडरवर. आणि टाइप करायला लागली. काही बटणं इकडची तिकडे होती, तिथे अडखळली, ती चार दिवसांत बसली. वीस वर्षं त्या बोटांनी भाकऱ्या थापल्या होत्या. आम्ही तिघं नुसते बघत होतो.

तेव्हापासून दुपारी एक ते तीन कॉम्प्युटर आईचा. ती वाळवणाच्या ऑर्डरी घ्यायची. पापड, कुरडया, सांडगे, गोडा मसाला. प्रत्येक पदार्थाची फाईल, शिवाय कुणाचं किती बाकी याची वेगळी. असं दहा वर्षं चाललं.

आता अडचण. माझ्या मुलाने हार्ड डिस्क बाहेर काढून, जोडणी आणून लॅपटॉपला लावली. घरघर करत फिरली हो ती! आईच्या ४१ फायली सापडल्या. पण उघडल्यावर मराठी नाहीच. इंग्रजी अक्षरं, मध्येच टिंब, कंस, स्वल्पविराम. एका फायलीत तर जागोजाग "पीएचडी" असं लिहिलेलं दिसतंय, लहान अक्षरांत. आई ७२ वर्षांची आहे, तब्येत छान आहे, पण प्रमाणं आता तिला नक्की आठवत नाहीत आणि माझ्या भाचीला हा उद्योग पुन्हा सुरू करायचाय. फायली गेल्या असं समजायचं का? कुणाला काही माहीत असेल तर सांगा. आणि तुमचा पहिला कॉम्प्युटर कसा आला तेही लिहा, आई रात्री वाचून दाखवायला सांगते.

इंदिरानगर

सुरेख लिहिलंय. कॅलेंडरवरची नजर अगदी डोळ्यासमोर आली. आमच्याकडे २००० साली आला. माझी आठवण माउसच्या पोटातल्या रबरी गोळीची. खालची चकती फिरवून ती काढायची, आतल्या तीन चाकांवर बसलेला मळाचा पट्टा नखाने खरवडायचा. तो पट्टा अख्खा निघाला की फार समाधान वाटायचं.

सातपूरचा वायरमन

मी सातपूर एमआयडीसीत वायरमन होतो, आता निवृत्त. माझ्या घरी कॉम्प्युटर उशिरा आला, पण १९९५ ते २००५ या काळात लोकांच्या घरी कॉम्प्युटर आला की मला बोलावणं यायचं. तक्रार एकच: "काका, डब्याला हात लावला की मुंग्या येतात." दुकानदार सांगायचे मशीन खराब नाही. मालक म्हणायचा वायरिंग चांगलं आहे. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असायचे.

त्याचं असं आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये शिरतानाच एक गाळणी असते. त्यात दोन छोटे कपॅसिटर, एक फेजपासून डब्याला आणि एक न्यूट्रलपासून डब्याला. त्यांचं काम वीजेतला कचरा अर्थिंगवाटे जमिनीत सोडायचं. घराला अर्थिंगच नसेल तर तो कचरा जाणार कुठे? डबा दोघांच्या मध्ये लटकतो, म्हणजे २३० च्या निम्मा, एकशे दहा-पंधरा व्होल्ट मीटरवर दिसतो. करंट अगदी किरकोळ, म्हणून जीव जात नाही, पण अनवाणी पायांनी हात लावला की झिणझिण्या. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये तीन भोकांचा सॉकेट असायचा आणि मागे तिसरी तारच नसायची. फ्रिज आला, टीव्ही आला, तरी कुणी लक्ष दिलं नाही. कॉम्प्युटर आला तेव्हा अर्थिंग आलं.

अंगणात खड्डा घ्यायचा, तांब्याची किंवा जीआयची पट्टी उतरवायची, कोळसा आणि खड्याचं मीठ थरावर थर, वरून पाणी. उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी ओतायला सांगायचो. मुलांना ते काम आवडायचं. माझ्या हाताने असे दीड-दोनशे खड्डे तरी झाले असतील. आज त्या घरांत गीझर आहेत, वॉशिंग मशीन आहेत. त्यांना ते अर्थिंग उपयोगी पडतंय याचं मला बरं वाटतं.

ताई, तुमच्या डिस्कला चालू-बंद फार करू नका. एकदा चालू आहे तोवर सगळं उतरवून घ्या.

पंचवटीची लेक

वायरमन काका, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आपला खड्डा तुळशीवृंदावनाच्या शेजारी होता आणि ते पाणी तीच घालायची, तुळशीला घालताना एक तांब्या तिकडे. मला वाटायचं ती झाडाला घालते. डिस्कवरचं सगळं लॅपटॉपवर आणि एका पेन ड्राइव्हवर उतरवलंय.

रबरी बटणं

मी तुम्हां सगळ्यांच्या आधीचा दिसतोय. नाशिकरोडला आमच्या घरी १९८६ साली कॉम्प्युटर आला. काका लंडनहून आले होते, त्यांनी आणला. झेडएक्स स्पेक्ट्रम, १९८२ साली इंग्लंडात निघालेला. अख्खा कॉम्प्युटर म्हणजे कंपासपेटीपेक्षा थोडी मोठी काळी पाटी, ४८ केबी मेमरी आणि खोडरबरासारखी मऊ बटणं. एकेका बटणावर अक्षर आणि शिवाय आख्खी आज्ञा छापलेली. "पी" दाबला की पडद्यावर पूर्ण "प्रिंट" उमटायचं.

त्याला पडदा नव्हता, टीव्ही हाच पडदा. आमचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्यामुळे ज्याच्या नावाचं कौतुक रंगांसाठी होतं तो स्पेक्ट्रम मी दोन वर्षं राखाडी रंगातच पाहिला. आणि डिस्क नव्हती, कॅसेट! टेपरेकॉर्डरची वायर जोडायची, आज्ञा द्यायची आणि कॅसेट वाजवायची. आधी लांब शिट्टी, मग करकर, करकर. पडद्याच्या कडेने पट्टे पळायचे. एक गेम चढायला पाचेक मिनिटं. शेवटच्या क्षणी चूक आली की पुन्हा पहिल्यापासून.

आवाज थोडा जास्त झाला तरी चढायचं नाही, कमी झाला तरी नाही. ताईने तिच्या नेलपॉलिशने टेपच्या चकतीवर लाल ठिपका लावून ठेवला होता, आवाज बरोबर तिथे. शेजारच्या मित्राची कॅसेट आणली तर ती चालायचीच नाही, कारण त्याच्या टेपचं हेड आणि आमच्या टेपचं हेड जरा वेगळ्या कोनात. मग घड्याळजीचा बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन हेडशेजारचा स्क्रू किंचित फिरवायचा, आणि करकर तीक्ष्ण, स्वच्छ ऐकू येईपर्यंत कान लावून बसायचं. कॉम्प्युटर कानाने दुरुस्त करायची गोष्ट आज मुलांना सांगितली तर त्यांना पटत नाही. पण मी पुढे इलेक्ट्रॉनिक्सला गेलो तो त्या स्क्रूमुळे.

साडेसातला बातम्या लागल्या की वायर काढायची आणि टीव्ही आजोबांना द्यायचा. तोवर जे काही लिहिलं असेल ते कॅसेटवर साठवलं नाही तर गेलं. मी किती तरी प्रोग्रॅम वहीत पेनने लिहून ठेवलेत. त्या वह्या मात्र सहज उघडतात, ताई.

कसारा घाट

रबरी बटणं काका, कानाने दुरुस्ती! वा.

माझी गोष्ट १९९९ ची. नाशकात तयार मशीन महाग पडायचं, म्हणून मी आणि मामा सुटे भाग आणायला मुंबईला गेलो. सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस, दादरला उतरून लोकल बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं आणि चालत लॅमिंग्टन रोड. त्या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव घेऊन विचारलं तर कुणी रस्ता दाखवला नसता. पहिल्या दुकानात भाव विचारायचा, कागदावर लिहायचा, शेवटच्या दुकानापर्यंत जायचं आणि परत यायचं. मामाने अकरा दुकानांचे भाव लिहिले होते. तासाभरात पहिल्या दुकानातला रॅमचा भाव शंभर रुपयांनी बदललेला!

एका दुकानात आम्हाला नवी म्हणून वापरलेली हार्ड डिस्क दिली. घरी आल्यावर कळलं, आत कुणाच्या तरी पगाराची पत्रकं होती. पुढच्या शनिवारी पुन्हा पंचवटी, पुन्हा तेच दुकान. मामा शांतपणे काउंटरसमोर उभा राहिला आणि बदलून मिळेपर्यंत हलला नाही, तीन तास. मला तेव्हा लाज वाटली होती. आज मी दुकान चालवतो, आता मामाचं बरोबर वाटतं. पैसे त्याच्या पीएफमधून काढलेले होते.

परतीच्या गाडीत जागा नव्हती. कसाऱ्याला मागून इंजिन जोडताना गाडीला बारीकसा धक्का बसतो, ठाऊक असेल सगळ्यांना. मामाने दोन्ही वेळा डिस्क स्वेटरमध्ये गुंडाळून पोटाशी धरली होती, आणि घाट संपून इगतपुरी येईपर्यंत तो बोलला नाही.

निफाडकर

राम राम. आमच्याकडं कॉम्प्युटर २००३ ला आला, जुनाच, नाशकातून एका ऑफिसनं काढलेला. गावातला तिसरा. द्राक्षं युरोपला पाठवायची तर कधी कुठली फवारणी केली, किती मिली, काढणीच्या किती दिवस आधी, सगळ्या नोंदी लागायला लागल्या होत्या. वडील म्हणायचे वहीत लिहितो ते काय खोटं आहे का. पण वही औषधानं ओली व्हायची, डागाळायची.

कॉम्प्युटर होता पण लाइट कुठं होती? त्या काळातलं भारनियमन सगळ्यांना आठवत असेल, आमच्याकडं बारा-बारा तास. लाइट रात्री यायची, मोटार चालू करायला शेतावर जायचं आणि परत येऊन नोंदी करायच्या. यूपीएस फक्त दहा मिनिटं. तो टीं टीं करायला लागला की बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "सेव्ह करा!" तिला दुसरं काही माहीत नव्हतं कॉम्प्युटरमधलं, पण सेव्ह तिनंच शिकवलं आम्हाला. एकदा छाटणीपासूनच्या नोंदी गेल्या होत्या, तेव्हापासून.

पाण्याच्या माऱ्यात प्रिंटर खराब झाला, तो काही परत चालू झाला नाही. कॉम्प्युटर मात्र २०११ पर्यंत चालला. थंडीत निफाडला पारा खाली जातो तेव्हा सकाळी चालू व्हायचा नाही. दिवा लावून शेजारी ठेवायचो, मग उठायचा.

ताई, कुरडयाची ऑर्डर आमची लिहून घ्या.

सव्वीस एप्रिल

माझ्या आयडीवरून जुन्या लोकांना कळलं असेल. २६ एप्रिल १९९९, सोमवार. सकाळी बटण दाबलं आणि पडदा काळाच. सीआयएच नावाचा व्हायरस होता, चेर्नोबिलच्या अपघाताची तारीख म्हणून लोक त्याला चेर्नोबिलही म्हणायचे. तो महिनोन्‌महिने गप्प बसायचा आणि त्या तारखेला हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग खोडून टाकायचा. काही मशीनांत तर मदरबोर्डवरची बायोस चिपही पुसायचा, मग मशीन चालूच होत नसे.

माझ्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा रिपोर्ट होता. ६४ पानं. सबमिशन चार दिवसांवर. व्हायरस आला होता मित्राने दिलेल्या गेमच्या सीडीतून, आणि ती सीडी मीच अजून सहा जणांना दिली होती. त्या दिवशी सायकल घेऊन सहाही घरी गेलो. चौघांची मशीनं गेली होती. एकाच्या वडिलांनी दार उघडलं, त्यांच्या क्लिनिकचा सगळा हिशोब त्यात होता. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बस, पाणी पी." ते मी विसरू शकत नाही. रिपोर्ट आम्ही तिघांनी मिळून रात्री जागून पुन्हा लिहिला, या वेळी हाताने.

ताई, त्या डिस्कवर असे जुने व्हायरस असू शकतील. सीआयएच फक्त विंडोज ९५, ९८ च्या घराण्यावर चालायचा, आजच्या विंडोजला त्याचा त्रास नाही. तरी प्रोग्रॅम फायली उघडू नका, फक्त आईंच्या फायली घ्या.

जुळारी

धागा दोन दिवस वाचतोय, आज लिहितो. मी रविवार कारंजाजवळच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली. मग १९९४ पासून डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवणं. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, कार्यअहवाल, सगळं.

ताई, फायली अजिबात गेलेल्या नाहीत. त्या काळात कॉम्प्युटरला देवनागरी माहीत नव्हती. फॉन्टवाले काय करायचे, तर इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवायचे. फाईलमध्ये साठतं इंग्रजीच, फक्त दाखवताना फॉन्ट त्यावर मराठीचं पांघरूण घालतो. पांघरूण काढलं की खालचं दिसतं. तुम्हाला ते दिसतंय. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, सी-डॅकचं आयएसएम, प्रत्येकाचं पांघरूण निराळं. एकाची फाईल दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये वाचता येत नाही. माझ्याकडे आजही लोक आजोबांची आत्मचरित्रं घेऊन येतात, अशीच.

वर्डमध्ये फाईल उघडा, मजकुरात कर्सर ठेवा आणि वर फॉन्टच्या चौकटीत नाव बघा. फॉन्ट मशीनमध्ये नसला तरी फाईल त्याचं नाव विसरत नाही. तुम्ही "पीएचडी" म्हणालात त्यावरून माझा अंदाज कृतिदेवचा आहे. तसं असेल तर तो फॉन्ट टाकला की सगळं जसंच्या तसं दिसेल.

पण त्याआधी एक करा. कृतिदेवमध्ये अक्षरांच्या जागा टाइपरायटरप्रमाणे आहेत. म्हणजे तुम्हाला जी इंग्रजी अक्षरं दिसतायत ती दुसरं तिसरं काही नसून तुमच्या आईंनी दाबलेली बटणं आहेत, ज्या क्रमाने दाबली त्याच क्रमाने. फॉन्ट टाकू नका. आईंना लॅपटॉपसमोर बसवा आणि तुम्ही अक्षरं वाचून दाखवा. "पीएचडी" म्हणजे काय ते मला माहीत आहे, पण मी इथे लिहीत नाही. ते त्यांनाच काढू दे.

इंदिरानगर

जुळारी काका, अंगावर काटा आला. ताई, लवकर लिहा.

पंचवटीची लेक

लिहितेय. आता रात्रीचे साडेअकरा झालेत आणि आई अजून जागी आहे.

चौकटीत नाव निघालं ते कृतिदेवच. काका, तुमचा अंदाज बरोबर.

जेवणं झाल्यावर आईला बसवलं. ती आधी म्हणाली, मला या चपट्या बटणांवर जमायचं नाही. लॅपटॉप बंदच ठेवायचा का, तिने विचारलं. मी म्हटलं नुसती बोटं ठेव. तिने डोळे मिटले. मी म्हटलं, "पी." तिची उजवी करंगळी हलली. "एच." उजवी तर्जनी. "डी." डावं मधलं बोट. ती थांबली. पुन्हा म्हण, म्हणाली. पुन्हा म्हटलं. बोटांनी पुन्हा तेच केलं, आणि मग ती डोळे न उघडता म्हणाली, "चीक. कुरडयाचा चीक गं."

मग मी वाचत गेले आणि ती सांगत गेली. एक्स, जी, डब्ल्यू: गहू. एफ, एन, ओ, एल: दिवस. ई, एच, मोठा बी: मीठ. एफ, जी, ए, एक्स: हिंग. कधी एक अक्षर चुकायचं, ती म्हणायची "नाही, तिथे काना असणार, बघ", आणि बघितलं तर असायचाच. मी अक्षर म्हणायचे, बोट हलायचं, आणि बोट हलल्यावर तिला शब्द कळायचा. आधी नाही. नुसतं विचारलं की "एफ म्हणजे काय", तर ती म्हणायची मला माहीत नाही.

माझा मुलगा शेजारी बसून वहीत लिहून घेत होता. तो वीस वर्षांचा आहे, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आहे. दीड तास त्याने फोनला हात लावला नाही.

सातपूरचा वायरमन

ताई, वाचून डोळे भरून आले. आईंना नमस्कार सांगा.

जुळारी

मीही बायकोला वाचून दाखवलं. तीसुद्धा टायपिंगवाली, मिनिटाला ४० शब्दांची.

एक सांगतो, ज्यांना अशा फायली आजच्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनांवर वाचता येणाऱ्या एकाच पद्धतीत, न्यायच्या आहेत त्यांच्यासाठी. कन्व्हर्टर मिळतात, पण निकाल नीट वाचून घ्या. "हिंग" बघा. ताईंनी लिहिलं एफ, जी, ए, एक्स. एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. ती पहिली आली, ह नंतर. टाइपरायटरवर तसंच मारावं लागायचं, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. युनिकोडमध्ये उलट: आधी ह, मग वेलांटी, म्हणजे आपण बोलतो तसं. रफाराचंही तसंच. "अर्धा" मारताना रफार शेवटी, काना मारून झाल्यावर. युनिकोडमध्ये र धच्या आधी. आणि ख, ध, भ, ण ही अक्षरं टाइपरायटरवर अर्धी असतात, काना मारून पूर्ण करायची. कन्व्हर्टर चुकतो तो नेमका अशा ठिकाणी. विशेषतः जोडाक्षरावर वेलांटी असली की.

जुने फॉन्ट डोळ्यांना जे दिसतं ते साठवायचे, नवे तोंडाने जे बोलतो ते. कन्व्हर्टरला हा सगळा क्रम फिरवावा लागतो. आईंच्या बोटांना फिरवावं लागलं नाही.

पंचवटीची लेक

आज फॉन्ट टाकला. ४१ पैकी ३९ फायली स्वच्छ वाचता येतात, दोन अर्ध्यावर तुटल्यात. कुरडयाची इथे देते, निफाडकर दादांसाठी:

"गहू ३ दिवस भिजवणे. रोज सकाळी पाणी बदलणे, विसरू नये. चौथ्या दिवशी वाटून, चाळून चीक काढणे. रात्रभर ठेवणे. सकाळी वरचं पाणी हलकेच ओतून देणे, खालचा चीक मोजणे. जेवढा चीक तेवढं पाणी. पाण्याला उकळी, मीठ, हिंग, मग चीक ओतत ढवळणे, दोघी लागतात. चमचा उभा राहिला की झाला. गरम असतानाच सोऱ्यात."

आईने ऐकलं आणि लगेच म्हणाली, पाण्याचं चुकलंय. नवा गहू असेल तर जेवढ्यास तेवढं, जुना असेल तर पाव वाटी जास्त. हे तिला चार दिवसांपूर्वी विचारलं तेव्हा आठवत नव्हतं.

येणे-बाकीच्या फाईलमध्ये शेवटची नोंद २००८ च्या ऑगस्टची आहे. शरणपूर रोडच्या एका घराकडे २ किलो कुरडयांचे ८० रुपये राहिलेत. आई म्हणते, ते लोक पुण्याला गेले, जाऊ दे.

आता एक विनंती. आईला ती दुरुस्ती फाईलमध्ये स्वतः टाइप करायची आहे. लॅपटॉपच्या बटणांवर तिची बोटं घसरतात. जुना कीबोर्ड धुऊनपुसून ठेवलाय, पण त्याची पिन मोठी, गोल, पाच काड्यांची आहे. ती लॅपटॉपला लागेल असं काही मिळतं का नाशकात?

कसारा घाट

ताई, दोन टप्पे लागतील. मोठ्या गोल पिनेपासून छोट्या गोल पिनेला साधा अडॅप्टर, आणि तिथून यूएसबीला कन्व्हर्टर. यूएसबीचा घेताना आत चिप असलेला घ्या. जो नुसता पिन बदलतो तो या कीबोर्डला चालणार नाही. पहिला माझ्याकडे दुकानात डब्यात पडलेला आहे, मामाच्या मशीनचा. दुसरा मागवून ठेवतो, शनिवारपर्यंत येईल.

पंचवटीची लेक

शनिवारी संध्याकाळी आईला घेऊनच येते.